बाळाचा उजवा हात जन्मापासून हलत नाही: वाट किती पाहायची?

प्रश्न: वाडीतला बाबा, देवगड तालुका

नमस्कार. आमच्या मुलीचा जन्म होऊन आज २४ दिवस झाले. बाळंतपण सिझेरियनविना झाले, परंतु डोके बाहेर आल्यावर खांदा अडकला आणि तो सुटेपर्यंत आत बरीच धावपळ झाली, एवढे मला दाराबाहेर उभे राहून कळले. मुलीचे वजन ४ किलो १०० ग्रॅम भरले. पत्नीला सातव्या महिन्यात साखर निघाली होती आणि ती तेव्हापासून पथ्यावर होती.

जन्मल्यापासून मुलीचा उजवा हात अंगालगत सरळ पडून असतो. कोपर वाकत नाही, दंड आतल्या बाजूला वळलेला असतो आणि तळहात मागे असतो, जणू पाठीमागून कोणी काही हातात ठेवावे म्हणून तो धरला आहे. स्वयंपाकघरात भांडे पडले की ती दचकते, तेव्हा डावा हात उडतो आणि उजवा जागचा हलत नाही. मात्र त्याच हाताच्या तळव्यावर मी बोट ठेवले तर ती मूठ अशी आवळते की बोट सोडवून घ्यावे लागते.

घरी सोडताना कार्डावर ‘उजवा हात कमी हलतो, आपोआप सुधारेल’ एवढीच ओळ लिहून दिली. एक्स-रे काढलेला नाही. आई म्हणते की नस लचकली आहे, न्हाऊ घालणाऱ्या बाईंना नीट चोळायला सांगू. त्या बाई पन्नास वर्षे वाडीतल्या बाळांना न्हाऊ घालत आल्या आहेत, त्यामुळे त्यांना नाही म्हणणे सोपे नाही. मुंबईचा चुलतभाऊ फोनवर सांगतो की लगेच ऑपरेशन करा, नाहीतर हात जन्माचा गेला. थांबावे तर किती थांबावे, आणि थांबायचे असेल तर त्या दिवसांत आम्ही काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

तुमचे निरीक्षण एखाद्या निवासी डॉक्टरने केसपेपरवर लिहावे इतके नेमके आहे. मुलीला न पाहता मी निदान करणार नाही, परंतु तुम्ही वर्णन केलेली हाताची ठेवण वैद्यकात फार जुन्या काळापासून ओळखीची आहे. तिला अर्ब्स पाल्सी म्हणतात. फ्रान्सच्या द्युशेन यांनी १८७२ मध्ये आणि जर्मनीच्या अर्ब यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन केले. हाताच्या पंजालाच लकवा असणारा, क्वचित आढळणारा दुसरा प्रकार पॅरिसमध्ये वैद्यक शिकत असलेल्या ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने १८८५ मध्ये उलगडून दाखवला. त्या काळी वैद्यकात स्त्रिया फारच थोड्या होत्या, म्हणून हे नाव मी विद्यार्थ्यांना नेहमी मुद्दाम सांगत असे.

आता आत काय झाले असावे ते सांगतो. हाताला चालवणाऱ्या पाच नसा मणक्यातून निघतात. त्यांपैकी चार मानेच्या खालच्या भागातून आणि एक छातीच्या अगदी वरच्या भागातून येते. मान आणि काख यांच्या दरम्यान त्या एकमेकींत मिसळून जाळे करतात आणि त्यातून पुढे खांदा, कोपर, मनगट व बोटे यांच्याकडे फाटे जातात. डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडामागे, अडकला, की मान आणि खांदा यांमधले अंतर ताणले जाते, आणि सर्वांत जास्त ताण वरच्या दोन नसांवर येतो. या दोन नसा खांदा उचलणे, दंड बाहेर वळवणे आणि कोपर वाकवणे ही कामे करतात. म्हणून तुमच्या मुलीचा खांदा आणि कोपर निपचित आहे, तर मूठ आवळणाऱ्या खालच्या नसा शाबूत दिसतात. मूठ आवळते ही चांगली खूण आहे.

देवगडला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढतात ते मोठे जाळे, पाहिलेली असेलच. ओढताना दोरावर जे जे होऊ शकते, ते ते या नसांवरही होऊ शकते. दोर नुसता ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो, म्हणजे नस दुखावली पण अखंड आहे. अशी नस काही आठवड्यांत कामाला लागते. कधी दोराचे आतले पीळ तुटतात आणि बाहेरची वीण तेवढी धरून राहते. तेव्हा आतले तंतू पुन्हा वाढतात, पण ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढेच वाढतात, आणि वाटेत व्रण झाला तर तिथेच गुरफटतात. कधी दोर मधूनच तुटतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे खुंटच उपटतो, अर्थात नस मज्जारज्जूपासून मुळासकट सुटते, आणि ती पुन्हा जागच्या जागी रुजत नाही. अडचण अशी की बाहेरून पाहताना पहिल्या महिन्यात हे चारही हात सारखेच लुळे दिसतात. म्हणूनच ‘आपोआप सुधारेल’ हे वाक्य आज कोणी खात्रीने म्हणू नये आणि ‘जन्माचा गेला’ हेही म्हणू नये. बहुतेक बाळे सुधारतात. साधारण २० ते ३० टक्के बाळांमध्ये मात्र कमी-अधिक उणीव कायम राहते असे आता मानले जाते, आणि ती बाळे कोणती हे काळच दाखवतो.

तो काळ कसा मोजायचा हे महत्त्वाचे आहे. मानेपासून दंडाच्या पुढच्या स्नायूपर्यंत, म्हणजे बायसेप्सपर्यंत, तान्ह्या बाळात काही सेंटीमीटरच अंतर असते. रोज १ मिलिमीटर या चालीने तंतू तिथे पोहोचायला जे दोन-तीन महिने लागतात, तीच आमची मोजपट्टी आहे. दुसरा महिना संपेपर्यंत बाळ स्वतःहून कोपर वाकवून हात वर, म्हणजे पृथ्वीच्या ओढीविरुद्ध, तोंडाकडे नेऊ लागले तर हात जवळजवळ पूर्ण सुधारण्याची आशा ठेवावी. तिसरा महिना पूर्ण झाला तरी बायसेप्स काहीच करत नसेल, तर नसांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाने बाळाला तपासलेच पाहिजे. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करायची असा याचा अर्थ नाही, परंतु ‘अजून एक महिना पाहू’ हे म्हणण्याचा अधिकार त्यापुढे फक्त त्या तज्ज्ञाचा आहे, तुमचा-माझा नाही.

आजच करावयाच्या गोष्टी मात्र थांबवू नका. कॉलरबोन आणि दंडाचे हाड यांचा एक्स-रे काढून घ्या, कारण खांदा अडकलेल्या बाळात यांपैकी एखादे हाड मोडलेले असू शकते, आणि मोडलेल्या हाडाच्या वेदनेनेही बाळ हात हलवत नाही. दोन्ही डोळे उजेडात शेजारी शेजारी पाहा. उजवी पापणी किंचित मिटलेली आणि उजवी बाहुली डावीपेक्षा लहान दिसली तर सर्वांत खालच्या नसेला मुळाशी इजा झाल्याची ती खूण असते, आणि मग तीन महिने वाट पाहण्याचा हिशोब बदलतो. दूध पिताना धाप लागते का, छातीची एक बाजू कमी उचलली जाते का, हेही पाहून घ्या, कारण श्वासपटलाची नस याच जागेच्या शेजारून निघते. मान एका बाजूला आखडलेली आहे का, उजवा पाय डाव्याइतकाच हलतो का, हे डॉक्टर तपासतीलच. पायही कमी हलत असेल तर प्रश्न मानेच्या नसांचा नसून मेंदूचा असू शकतो.

एक इशारा इतर वाचणाऱ्यांसाठी देतो. जन्मताना दोन्ही हात व्यवस्थित हलत होते आणि आठ-दहा दिवसांनी एक हात हलेनासा झाला, तर तो प्रसूतीचा लकवा नाही. हाडात किंवा सांध्यात पू झालेला असू शकतो. ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उत्तर: लेकाची आई, गुहागर

वाडीतल्या बाबांनो, तुमचा मजकूर वाचताना माझा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तो आता सहा वर्षांचा आहे. त्याच्या वेळी मला जे कळले नाही ते तुम्हाला आज सांगते.

आम्हालाही ‘सुधारेल’ असेच सांगितले होते आणि आम्ही दर महिन्याला जात होतो. दर वेळी डॉक्टर हात उचलून पाहायचे आणि पुढची तारीख द्यायचे. बोटे हलतात, मनगट थोडे हलते, याचाच आम्हाला आनंद होता. कोपराचे कोणी विचारलेच नाही. पाचव्या महिन्यात माझ्या भावजयीने, जी स्वतः परिचारिका आहे, त्याला पाळण्यातून उचलून मांडीवर घेतले, त्याच्या तोंडावर माझ्या ओढणीचे मऊ टोक टाकले आणि डावा हात धरून ठेवला. तो चिडला, पाय झाडले, मान हलवली, पण उजवा हात तोंडापर्यंत आला नाही. मग तिने डावा हात सोडला आणि क्षणात ओढणी बाजूला झाली. त्या दुपारी घरात कोणी जेवले नाही.

नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी हीच चाचणी आमच्यासमोर रुमालाने केली, तेव्हा समजले की ती खरोखरची पद्धत आहे. मुलगा साडेसहा महिन्यांचा असताना शस्त्रक्रिया झाली. मानेतल्या नसेवर गाठीसारखा व्रण झाला होता. तो काढून पायाच्या पोटरीमागची एक नस घेऊन मधली जागा जोडली. त्या पोटरीच्या नसेने फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेची जाणीव कळते, त्यामुळे पायाची ताकद जात नाही, असे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. शस्त्रक्रियेनंतर महिना गेला, दोन गेले, हात तसाच राहिला. मी रोज रडत होते. कोणीतरी आधी सांगायला हवे होते की जोडलेल्या नसेतून तंतूंना पुन्हा तीच मंद वाट चालायची असते. कोपर पहिल्यांदा वाकले तेव्हा तो अकरा महिन्यांचा झाला होता, आणि ते मी नाही, त्याच्या आजोबांनी पाहिले.

आज तो दोन्ही हातांनी पतंग धरतो. उजवा हात डोक्याच्या वर सरळ जात नाही, आणि तोंडाशी घास नेताना कोपर बाहेरच्या बाजूला उचलले जाते, बिगुल वाजवणारा उचलतो तसे. दंड डाव्यापेक्षा किंचित बारीक आणि आखूड आहे. हे सांगते, कारण ‘पूर्ण बरा होईल ना’ असे तुम्ही विचाराल, आणि मला त्या वेळी खरे उत्तर ऐकायला आवडले असते.

अजून एक. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे घालून ओव्याची धुरी आणि शेक देतात. त्या हाताला जाणीव कमी असू शकते हे कोणाच्या लक्षात आले नाही. निखाऱ्यांवर धरलेला हात ओढून घेण्याइतका तो हलतही नव्हता आणि रडलाही नाही. मनगटाशी रुपयाएवढा फोड आला तेव्हा कळले. शेक बंद करा, आणि न्हाणीतले पाणी आपल्या कोपराने पाहूनच त्या हातावर घाला.

उत्तर: एसटीचा प्रवासी

एवढे घाबरण्याचे कारण नाही. माझ्या भाच्याचा हात असाच होता. खोबरेल तेलाने रोज दोन वेळा जोरात चोळून, हात वर खाली ओढून तीन महिन्यांत पूर्ण बरा झाला. डॉक्टरांच्या मागे लागले की पैसा जातो. जाणत्या बाईच्या हातावर विश्वास ठेवा.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, चिपळूण

वरच्या सदस्यांच्या भाच्याचा हात बरा झाला याचा आनंद आहे. तो त्या मोठ्या गटातला असणार, ज्यांच्या नसा नुसत्या ताणल्या गेल्या होत्या, आणि तो तेलाविनाही तीन महिन्यांत बरा झाला असता. ओढल्याने तो बरा झाला नाही, ओढूनही बरा झाला, असे म्हणावे लागेल. प्रत्येक बाळ एवढे नशीबवान नसते. माझ्याकडे चार महिन्यांचे एक बाळ आणले होते, ज्याचा खांदा ओढून ओढून सुजलेला होता.

तेल लावण्याला माझा विरोध मुळीच नाही. हलक्या हाताने, नेहमीप्रमाणे तेल लावावे. त्याने बाळाला बरे वाटते आणि आईलाही. पण बाळाला दोन्ही हातांना धरून उचलणे, झुलवणे, हात छातीवर फुलीसारखे ओलांडून ताणणे, खांदा ‘बसवणे’ हे प्रकार पूर्ण थांबवावेत. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना दुखवू नका. त्यांना समोर बसवून सांगा की आत एक धागा जुळत आहे आणि तो ओढला तर पुन्हा तुटेल. असे सांगितल्यावर न ऐकणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

आता कामाचे. बाळ २४ दिवसांचे आहे, म्हणजे सुरुवातीचे आराम देण्याचे दिवस संपले आहेत. एक्स-रेत हाड मोडलेले नाही हे समजले की दुसऱ्या दिवसापासून सांध्यांची हालचाल सुरू करावी. हे का करायचे ते नीट समजून घ्या. या व्यायामाने नस वाढत नाही. नस तिच्या चालीने येते. पण ती यायच्या आत खांद्याचा सांधा आखडला असेल, तर आलेली नस बंद दार ठोठावत राहते. आणि अर्ब्स पाल्सीत खांदा सर्वांत लवकर आखडतो तो आत वळलेल्या स्थितीत, कारण आत वळवणारे स्नायू शाबूत असतात आणि बाहेर वळवणारे झोपलेले. त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीतून मागे सरकू लागतो, आणि हे पहिल्या वर्षातच होऊ शकते.

म्हणून सर्वांत महत्त्वाची हालचाल एकच समजा. बाळाला पाठीवर निजवा. दंड अंगाला चिकटलेला ठेवा, कोपर काटकोनात वाकवा, एक तळवा खांद्याच्या पात्यावर हलका दाबून धरा, आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून पुढचा हात सावकाश बाहेरच्या बाजूला, अंथरुणाकडे न्या, जसे दार उघडतात तसे. ताण जाणवला की थांबा, मनात दहा म्हणा, परत आणा. डावा हात जेवढा बाहेर जातो तेवढाच उजवा गेला पाहिजे. ज्या दिवशी तो कमी जाऊ लागेल किंवा खांद्यात कट्‌ असा आवाज येईल, त्या दिवशी पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. एवढ्या लहान वयात खांद्याच्या गोळ्याचे हाड पुरते घडलेले नसते, म्हणून त्याची जागा एक्स-रेपेक्षा सोनोग्राफीत चांगली दिसते.

बाकीच्या हालचाली म्हणजे हात कानाजवळून वर नेणे, कोपर वाकवणे आणि सरळ करणे, तळहात आकाशाकडे वळवणे, मनगट आणि बोटे उघडणे. प्रत्येक लंगोट बदलताना चार-पाच वेळा करा, म्हणजे वेगळी वेळ काढावी लागत नाही आणि विसरतही नाही. बाळ रडत असेल, भुकेले असेल तेव्हा करू नका. पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टच्या समोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. वाचून शिकू नका, माझे हे वाचूनही नाही.

झबले घालताना आधी उजवा हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. पुढून उघडणारी, नाड्यांची झबली काही महिने बरी. उचलताना एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्याखाली. बाळ कुशीवर निजले तर उजवा हात अंगाखाली दबू देऊ नका. दूध पाजताना तो हात आईच्या आणि बाळाच्या पोटांमध्ये अडकून मागे जातो. तो पुढे घेऊन आईच्या छातीवर ठेवा. जागे असताना, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून थोडा वेळ पालथे निजवा. खुळखुळा उजव्या बाजूने वाजवा आणि त्या हातात वेगवेगळ्या पोताच्या वस्तू द्या, म्हणजे हा हात आपलाच आहे हे बाळ विसरणार नाही. कारण काही मुले नस परत आल्यावरही त्या हाताकडे दुर्लक्ष करतात.

मशीनने करंट देण्याबद्दल विचाराल, म्हणून आधीच सांगते. तान्ह्या बाळात त्याचा फायदा निर्विवाद सिद्ध झालेला नाही. मी देत नाही.

वाडीतला बाबा

सर्वांचे मनापासून आभार. काल कणकवलीला जाऊन एक्स-रे काढला. उजवी कॉलरबोन मधोमध मोडलेली होती आणि आता तिथे जुळण्याची गाठ दिसते आहे. डॉक्टर म्हणाले की ती आपोआप भरून येईल. डोळे दोन्ही सारखे आहेत, श्वास ठीक आहे, दोन्ही पाय सारखे हलतात. त्यांनी नसांची तपासणी म्हणून ईएमजी सुचवली आणि नसांची शक्ती वाढवणारे ड्रॉप्स लिहून दिले. मग हात न हलण्याचे कारण हाडच होते असे समजावे का? ईएमजी करावी का? आणि चुलतभाऊ अजून ऑपरेशनवरच आहे.

उत्तर: निवृत्त बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

मोडलेली कॉलरबोन आणि नसांची इजा एकाच बाळात बऱ्याचदा सोबत असतात, कारण दोन्हींचे कारण एकच ओढ. गाठ दिसते, म्हणजे हाड जुळत आले आहे आणि आता त्याची फारशी वेदना नसावी. तरीही येत्या दहा-बारा दिवसांत कोपर वाकू लागले नाही, तर नस दुखावली आहे असेच धरून चालावे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्याच डॉक्टरांना हाड दाबून पाहायला सांगा. त्या जागी बाळ कळवळत नसेल तर हालचालीला हरकत नसते.

ईएमजीबाबत माझे मत थोडे जुन्या पठडीचे आहे आणि सर्वजण सहमत होतील असे नाही. तान्ह्या बाळात ही तपासणी अनेकदा प्रत्यक्षाहून आशादायक चित्र दाखवते. यंत्रावर स्नायूत हालचाल दिसते, हातात मात्र दिसत नाही, आणि त्या कागदाच्या भरवशावर घरचे लोक मौल्यवान महिने घालवतात. शस्त्रक्रियेचा विचार करणारे तज्ज्ञ गरजेप्रमाणे ती आणि मानेचा एमआरआय स्वतः सांगतात. मुळे उपटली आहेत का, याचा अंदाज एमआरआयमधून घेता येतो, पण त्यासाठी बाळाला गुंगी द्यावी लागते, म्हणून तोही उगाच करू नये. ड्रॉप्स द्यायचे तर द्या, त्यांनी बहुधा अपाय नाही, पण तुटलेली नस जीवनसत्त्वाने जुळत नाही.

चुलतभावाला सांगा की आज शस्त्रक्रिया करणे जितके चूक, तितकेच दीड वर्षाने करणे निरर्थक. नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात चिवट, निकामी होत जातो, मग नस पोहोचूनही उपयोग राहत नाही. म्हणून नसांची शस्त्रक्रिया साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान करतात. पंजासकट सगळा हात लुळा असेल आणि पापणी उतरलेली असेल तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तुमच्यासारख्या बाळात तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. काही जण तिसऱ्या महिन्यात बायसेप्स आला नाही तर पुढे जातात. काही सहाव्यापर्यंत थांबतात. काही नवव्या महिन्यात बाळाच्या हातात बिस्कीट देऊन, दंड अंगाला धरून, मान फार न वाकवता ते तोंडात जाते का ते पाहून मगच ठरवतात. आपल्याकडे नाचणीचे बिस्कीटही चालते. नस मधून तुटली असेल तर पोटरीची नस वापरून जोडतात. मूळच उपटले असेल तर शेजारच्या चालत्या नसेचा एक धागा घेऊन बायसेप्सला जोडण्याची युक्ती आहे, आणि ती चांगली काम करते. यानंतरही खांदा कमी पडला तर दोन ते पाच वर्षांच्या सुमारास पाठीचा एक स्नायू फिरवून खांद्याला जोडता येतो. गुहागरच्या ताईंनी हे त्यांच्या तज्ज्ञांना विचारावे असे सुचवतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जिथे बाळंतपण झाले तिथून पूर्ण नोंद मागून घ्या: डोके आणि शरीर यांच्या जन्मात किती वेळ गेला, खांदा सोडवण्यासाठी काय केले, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का. हे भांडणासाठी म्हणत नाही. त्या वेळी आतल्या माणसांजवळ बाळाचा श्वास वाचवण्यासाठी मोजकी मिनिटे असतात आणि उत्तम हातांकडूनही ही इजा होते, हे मी आयुष्यभर पाहिले. परंतु कार्डावर एक ओळ लिहून आईबापांना घरी पाठवणे मला मान्य नाही. ही नोंद पुढच्या बाळंतपणातही लागेल. एकदा खांदा अडकला तर पुन्हा अडकण्याची शक्यता वाढते, म्हणून पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीत हे सांगावे, साखर लवकर तपासावी आणि बाळाच्या वजनावर लक्ष ठेवून प्रसूती कशी करायची ते आधी ठरवावे.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, चिपळूण

कुठे जायचे याविषयी थोडे. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतातच, त्यांना हात दाखवून नोंद करायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले केंद्र असते, ज्याला डीईआयसी म्हणतात. तिथे फिजिओथेरपी मिळते, आणि पुढे पाठवायचे झाले तर त्यांची चिठ्ठी उपयोगी पडते. तुमच्यासाठी ओरोसचे जिल्हा रुग्णालय जवळचे. शस्त्रक्रियेच्या मतासाठी मुंबई किंवा गोव्यातले बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. मुंबईत केईएम, जे. जे. यांसारख्या सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मात्र बाळांच्या या नसांवर काम करणारे डॉक्टर कोणत्या वाराला बसतात, हे फोन करून विचारूनच निघा, नाहीतर तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बाळ घेऊन जाल आणि ओपीडीत ‘गुरुवारी या’ ऐकून परताल.

उत्तर: लेकाची आई, गुहागर

आणि दर रविवारी, त्याच जागी, त्याच उजेडात एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. झबले काढून, पाठीवर निजवून, दोन्ही हात दिसतील असा. डॉक्टरांसमोर बाळ नेमके झोपते किंवा रडते. माझ्याकडे असे व्हिडिओ असते तर पाच महिने गेले नसते.

वाडीतला बाबा

भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन चौकटी लाल पेनाने केल्या आहेत, एक दोन महिन्यांची आणि एक तीन महिन्यांची. तिसऱ्या महिन्याच्या चौकटीत बांबोळीचा फोन नंबर लिहिला आहे. डॉक्टरकाकांनी सांगितल्याप्रमाणे कणकवलीच्या डॉक्टरांनी कॉलरबोन दाबून पाहिली, मुलगी रडली नाही, ओरोसला सोमवारी जातो आहोत. न्हाऊ घालणाऱ्या आजींना काल चिपळूणच्या ताईंचे धाग्याचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘आधी सांगाक होया होता, रे बाबा.’ आज सकाळी त्यांनी मुलीला पायांवर घेतले, तेव्हा उजव्या हाताखाली स्वतःच पदराची घडी करून ठेवली होती.